पाय हलका ठेव

साबण्याला चिखलाची किळस होती आणि त्याची सगळी नोकरी चिखलात गेली. शहराचं सांडपाणी जिथे गोळा होतं, निवळतं आणि थोडं कमी घाण होऊन नदीत सोडलं जातं, त्या केंद्रावर तो ड्रायव्हर होता. केंद्रापासून नदीपर्यंत अकरा किलोमीटरची पाइपलाइन, सगळी दलदलीतून गेलेली. तिच्यावर ठिकठिकाणी सिमेंटचे चौकोनी चेंबर, चेंबरवर लोखंडी झाकण, झाकणाखाली व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसांना जीपमधून तिथवर न्यायचं आणि परत आणायचं, एवढं त्याचं काम. झाकण उघडलं की तो काचा वर करून बसे आणि दुसरीकडे बघत राही. दुसरीकडेही दलदलच होती, पण तिचा वास निदान दबा धरून बसलेला नसे.

खिशात प्लास्टिकच्या डबीत साबणाची वडी असे, म्हणून साबण्या. दिवसातून पंधरा वेळा तरी हात धुई. व्हॉल्व्हवाले चिडवत, "अरे, कातडी निघून येईल एक दिवस." तो म्हणे, "येऊ दे. खाली तरी स्वच्छ असेल."

ही किळस जन्माची नव्हती. ती त्याला टँकरने दिली होती. नोकरीची पहिली सहा वर्षं तो मैल्याच्या टँकरवर होता. घरांच्या मागे जमिनीत पुरलेल्या टाक्या भरल्या की त्या उपसणारा टँकर. नुकतं लग्न झालेलं. घरी आल्यावर बायको त्याच्याकडे न बघता पाण्याची बादली दाराबाहेर सरकवायची. त्यात तिचा राग नव्हता, नुसती शिस्त होती, आणि शिस्तीवर भांडता येत नाही. मुलगी दीड वर्षाची होईपर्यंत त्याच्या कडेवर आली नाही. शेजारचे म्हणत, बापाला ओळखत नाही पोर. ती चांगलीच ओळखत होती.

सहा वर्षांनी जीप मिळाली. पुढची बावीस वर्षं तो त्या जीपमध्ये एखाद्या पेटीत बसावं तसा बसला. त्याला जीप शिकवणारा म्हातारा ड्रायव्हर कमी बोलायचा. तीनच शब्द शिकवी: पाय हलका ठेव. चिखलात चाक जागच्या जागी फिरायला लागलं की इंजिनचा सूर बदलतो. तो बदलायच्या आत पाय उचलायचा, गाडी थोडी मागे घ्यायची, पुन्हा हळूच पुढे. दामटलं तर चाक स्वतःचाच खड्डा खणतं. साबण्याचा पाय इतका हलका झाला, की बावीस वर्षांत त्याला चिखलात उतरून गाडी ढकलावी लागली ती दोनदा. दोन्ही वेळचे बूट त्याने तिथेच फेकून दिले आणि मोज्यांवर गाडी चालवत परत आला.

केंद्रावर दुसरी जीप होती आणि ती पैलवान चालवायचा. त्याने कुस्ती जन्मात खेळली नव्हती, नुसता देह होता. पैलवान साबण्याचा साडू. मेहुणीसाठी हे स्थळ साबण्यानेच सुचवलं होतं. पैलवानाला किळस म्हणून नव्हतीच. उघड्या चेंबरच्या काठावर बसून तो डबा खायचा, आणि साबण्याने तोंड फिरवलं की घास पुढे करून म्हणायचा, "साडूमहाराज, घ्या. चव बघा, वास फुकट आहे."

एके वर्षी दोन्ही जीपा एकदमच भंगारात निघाल्या आणि त्यांच्या बदल्यात एकच नवी गाडी आली. उंच, राखाडी, चारी चाकं ओढणारी, आत टीव्हीसारखा पडदा. साहेबांनी दोघांना बोलावलं. साहेब म्हणजे केंद्राचे इंजिनिअर. माणूस वाईट नव्हता, पण बोलताना समोरच्याऐवजी कागदाकडे बघायचा.

"गाडी एक, ड्रायव्हर दोन," साहेब कागदाला म्हणाले. "टँकरवरचा माणूस पुढच्या महिन्यात रिटायर होतोय. कंपनीकडून शिकवायला येणार आहेत. दोन दिवस सराव, तिसऱ्या दिवशी परीक्षा. जास्त मार्क त्याला गाडी. दुसऱ्याला टँकर."

"आणि सारखे पडले तर?" पैलवानाने विचारलं.

"तर चिठ्ठी टाकू. या आता."

बाहेर आल्यावर पैलवान हसत होता. साबण्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, उलटीच्या आधी सुटतं तसं.

"तुला काय," साबण्या म्हणाला. "तुला टँकर काय आणि जीप काय."

"मला काही नाही रे," पैलवान म्हणाला. "पण घरात ती शिवते ना. गिऱ्हाइकं घरी येतात, कापडं टाकून जातात. उद्या कुणाच्या मुलीच्या लग्नाच्या ब्लाउजला टँकरचा वास आला म्हणजे? ती तर ऐकूनच बसेल डोकं धरून." मग त्याने साबण्याच्या पाठीवर थाप मारली. "जाऊ दे. जो हरेल त्याला दुसऱ्याने महिन्याला एक साबण द्यायचा."

शिकवायला आल्या त्या एक मॅडम निघाल्या. तिशीच्या, गुडघ्यापर्यंत गमबूट, आवाज खणखणीत. पहिली सकाळ त्यांनी मीटिंगच्या खोलीत भिंतीवर चित्रं दाखवण्यात घालवली. गाडीत एक गोल बटण होतं, फिरवायचं. त्यावर चार चित्रं: सरळ रस्ता, बर्फाचं फूल, रुतलेलं चाक, वाळूचा ढीग.

"दलदलीत बर्फ कधी पडायचा?" पैलवान कुजबुजला.

"पडला तर सोय आहे," साबण्या म्हणाला.

मॅडमनी सांगितलं: चिखलात शिरण्याआधी थांबायचं, गाडी न्यूट्रलला घ्यायची, लो रेंज, म्हणजे जास्त ताकदीचा गिअर, टाकायचा, बटण रुतलेल्या चाकावर आणायचं. मग म्हणाल्या, "थ्रॉटल कॉन्स्टंट ठेवा. ट्रॅक्शन कंट्रोल आपोआप हस्तक्षेप करेल."

"कोण करेल?" पैलवानाने विचारलं.

"सिस्टिम."

"बरं," पैलवान म्हणाला आणि वहीत लिहिलं: सिस्टिम करेल. साबण्यानेही तेच लिहिलं. दोघांनी माना हलवल्या. पन्नाशीच्या माणसांना भर खोलीत समजलं नाही म्हणायची लाज वाटते, आणि मॅडमना वाटलं समजलं.

सरावाची जागा साहेबांनी निवडली होती. केंद्रामागचा गाळ वाळवायचा मोठा हौद. निवळलेल्या पाण्याखाली बसणारा सगळा गाळ तिथे आणून पसरत आणि महिनोन्महिने सुकू देत. वर साय धरलेली, काळपट, भेगाळलेली. साय फुटली की खाली मऊ, चकचकीत, अजून आंबत असलेलं काहीतरी. त्यातून बुडबुडे येत आणि फुटताना ओठांचा आवाज करत. हे कधीकाळी शहरातल्या लोकांनी चवीने खाल्लेलं अन्न होतं, हा विचार साबण्याच्या डोक्यात आला आणि दिवसभर गेला नाही. त्याने बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून रबर लावले. पैलवान पोट धरून हसला. मॅडम गाळात सरळ चालत गेल्या, हाताने खोली पाहिली, हात पँटला पुसला आणि त्याच हाताने केळं सोलून खाल्लं. साबण्याने डोळे मिटले.

पहिल्या दिवशी दोघेही रुतले. चार-चार वेळा. हौदाच्या मध्याला गाडी पोचली की ती एका बाजूला कलायची, एक चाक गरगरायला लागायचं आणि मग खालून आवाज यायचा. कट्-कट्-कट्, मग करकर, मग पुन्हा कट्-कट्, आणि सगळी गाडी दात वाजल्यासारखी हादरायची. गिअरबॉक्समध्ये कुणी मूठभर खिळे टाकावेत तसं. आवाज आला की साबण्याचा पाय आपोआप वर यायचा. पैलवानाचाही. गाडी गप्प व्हायची, बसायची, आणखी चार बोटं खाली जायची. मग बांधावरच्या ट्रॅक्टरने दोर लावून ओढायचं.

"आपल्या सासूबाईंच्या कवळीसारखी वाजते रे," पैलवान बांधावरून ओरडला.

दुसऱ्या दिवशी पैलवानाची पाळी आधी. मॅडम बांधावर उभ्या राहून दोन्ही हातांनी खाणाखुणा करत होत्या. पाय तसाच ठेवा, तसाच ठेवा. आत इंजिन आणि ती करकर, काचा बंद. पैलवानाला वाटलं थांब म्हणताहेत. तो थांबला. मॅडमना शेवटी खाणाखुणांचा कंटाळा आला आणि साबण्याच्या वेळी त्या शेजारी येऊन बसल्या. बसताना त्यांच्या गमबुटांवरचा गाळ आत आला. गाडी तापली तसा तोही तापला.

हौदाच्या मध्यावर गाडी कलली, आवाज सुरू झाला आणि त्याच क्षणी तो तापलेला वास साबण्याच्या घशात उतरला. त्याला ओकारी आली. डाव्या हाताने रुमाल तोंडावर दाबून तो काचेकडे झुकला, डोळ्यांतून पाणी, आणि या सगळ्यात उजव्या पायाचं काय चाललंय हे तो विसरला. पाय जिथे होता तिथेच राहिला. खाली करकर चालूच. एक, दोन, तीन, चार सेकंद. मग गाडीने एक खांदा उचलला. मग दुसरा. आणि ती त्या घाणीतून चालत, खरोखर चालत, पलीकडच्या बांधावर चढली.

"शाब्बास," मॅडम म्हणाल्या. "पाय उचलला नाहीत."

"मला ओकारी येत होती."

"छान. उद्या ओकारी न येता करा."

त्याने तोंड पुसलं. "खाली काय मोडलं?"

"काही मोडलं नाही. तो ब्रेकचा आवाज. जे चाक नुसतं गरगरतं त्याला गाडी स्वतःच ब्रेक लावते आणि जोर दुसऱ्या चाकाला देते. त्याला थोडा वेळ लागतो. तुम्ही आवाज ऐकून पाय उचलता आणि तिचं काम अर्ध्यावर तोडता. ऐकायला वाईट आहे, बस."

"मग हे काल का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. थ्रॉटल कॉन्स्टंट."

साबण्याने स्वतःच्या उजव्या पायाकडे पाहिलं. बावीस वर्षं ज्या हलक्या पायाचा त्याला अभिमान होता, तोच पाय आड येत होता. या गाडीला हात-पाय-कान असलेला ड्रायव्हर नकोच होता. दगड ठेवला असता पेडलवर तरी चाललं असतं. त्याला गाडीची किळस आली, आणि त्याच वेळी ती हवीहवीशी वाटली, कारण ती नाही मिळाली तर काय मिळणार हे त्याला पक्कं माहीत होतं.

संध्याकाळी केंद्राच्या मागच्या नळावर दोघे पाय धूत होते. मॅडम साहेबांच्या खोलीत चहा पीत होत्या. पैलवानाने चेहऱ्यावर पाणी मारलं आणि विचारलं, "कसं काढलंस रे आज? मी बांधावरून बघत होतो. चालतच वर आली बया."

साबण्या नखं धूत होता. त्याने वर पाहिलं नाही. सांगायचं वाक्य चार शब्दांचं होतं, आवाज आला तरी दाब. तेवढं बोलायला श्वासही लागला नसता.

"पाय हलका ठेवला," तो म्हणाला. "वाजायला लागलं की सोडायचं. मग परत हळूच."

"म्हणजे आपलं नेहमीचंच?"

"नेहमीचंच."

"च्यायला. आणि मी उगाच घाबरलो," पैलवान म्हणाला. "मला वाटलं हिला काही वेगळं लागतं. सोडायला जरा उशीर होत असेल माझा. दे तो साबण."

साबण्याने दिला. पैलवानाने कोपरापर्यंत हात चोळले, बोटांच्या बेचक्या चोळल्या, मान चोळली आणि वडी परत केली. वडीत काळा गाळ रुतून बसला होता आणि एक केस. साबण्या बराच वेळ नळाखाली साबण धूत उभा राहिला.

परीक्षेत पैलवान आधी शिरला. आदल्या दिवसापेक्षा त्याने पाय लवकर उचलला. तिन्ही फेऱ्यांत. सांगितलं होतं तसंच, अगदी मन लावून. तिसऱ्या वेळी गाडी दारापर्यंत बसली आणि पैलवान खिडकीतून बाहेर पडला, मांड्यांपर्यंत गाळात. बांधाकडे येताना तो हसत होता, पण ते हसू इतरांसाठी होतं. साबण्या शिरला, आवाज आला, त्याने दात आवळले आणि पाय दाबून ठेवला. गाडीखाली सगळं जग मोडतंय असं वाटत असताना तो नाकाने मोजून श्वास घेत राहिला. गाडी वर आली. तिन्ही वेळा.

साहेबांनी कागदावर सही केली.

पुढचे सहा महिने साबण्या स्वच्छ होता. नव्या गाडीत थंड हवा होती, काचा घट्ट बसत. दलदल पडद्यावर दिसायची, चित्रासारखी, तिला वास नव्हता. घरी आल्यावर तो सरळ आत जाऊन खुर्चीवर बसे. आणि बायको धाकट्या बहिणीकडे जाऊन आली की चपला काढता काढता सांगे.

"गिऱ्हाइकं तुटायला लागलीत तिची. कुणी तोंडावर बोलत नाही. दुसरीकडे टाकलंय म्हणतात कापड."

किंवा, "भाऊजी आता बाहेरच्या पडवीत झोपतात. तीच म्हणाली झोपा म्हणून. म्हणाली आणि मग माझ्यापाशी रडत बसली."

एकदा म्हणाली, "तुम्ही सुटलात बाई." त्यावर साबण्या उठून हात धुवायला गेला.

एका रविवारी मेहुणी आणि पैलवान दोघं जेवायला आले. पैलवान दाराच्या पायरीवरच बसला. "ताई, माझं ताट इथेच द्या. वारा बरा आहे इथे." तो अंघोळ करून, कपडे बदलून, डोक्याला तेल लावून आला होता. तरी तेलाच्या खालून तो वास आलाच. अगदी बारीक, गोडसर, आंबूस. दुसऱ्या कुणाला कळला नसता. साबण्याच्या नाकाने तो सहा वर्षं वागवला होता, त्याने लगेच ओळखला. ताट द्यायला गेलेला साबण्या नकळत पाऊलभर मागे सरला. पैलवानाने ते पाहिलं आणि ताटात बघून म्हणाला, "भाजी झकास झालीय."

त्या दिवसापासून साबण्याला किळस यायची ती कशाची हे सांगणं कठीण झालं. हात धुतले तरी काही निघत नव्हतं. गाडीत बसला की त्याला खालची करकर ऐकू यायची, कोरड्या रस्त्यावरसुद्धा, गाडी गप्प असताना. तो कुणाला बोलला नाही. बोलण्याची वेळ नळापाशी होऊन गेली होती. नंतर बोलणं म्हणजे स्वतःची घाण दुसऱ्याच्या अंगणात टाकून मोकळं होणं, असं तो स्वतःला समजावत असे, आणि समजावताना त्याला ठाऊक असे की ही सबबही त्याच हौदातली आहे.

सहा महिन्यांनी साहेबांनी त्याला बोलावलं. "तुम्ही रजेवर गेलात तर गाडी चालवायला माणूस हवा. वरून पत्र आलंय. मॅडम काही परत येत नाहीत. तुमच्या साडूला तुम्हीच तयार करा. दोन तासांचं काम. हा फॉर्म भरून द्या, पास की नापास."

पुन्हा तोच हौद. गाळ नवा होता, जास्त ओला. पैलवान टँकर उभा करून आला, स्टिअरिंगवर बसला. साबण्या शेजारी. दारं बंद झाली आणि तो वास त्या छोट्या जागेत दोघांच्या मध्ये येऊन बसला.

"आठवतंय सगळं," पैलवान म्हणाला. "न्यूट्रल. लो. हे बटण चाकावर. आणि मग तू सांगितलेलं." त्याने बोटं मोडली. "या वेळी वेळेत सोडतो बघ."

गाडी शिरली. मध्यावर कलली. चाक गरगरलं आणि करकर सुरू झाली. साबण्याने पैलवानाच्या पायाकडे पाहिलं. टाच टेकलेली, पंजा उचलायला निघालेला. आता गप्प बसलं की झालं. गाडी बसेल, ट्रॅक्टर येईल, फॉर्मवर नापास लिहायचं आणि संपलं. खोटंही बोलावं लागणार नव्हतं.

त्याने हात पुढे केला आणि पैलवानाच्या मांडीवर गुडघ्यापाशी जोरात दाबला.

"उचलू नको."

"वाजतंय ना!"

"वाजू दे. दाबून ठेव. दाब म्हणतो ना!"

एक, दोन, तीन. गाडी हादरत होती. पैलवानाची मांडी त्याच्या हाताखाली कडक झाली होती. मग गाडीने खांदा उचलला आणि ती वर आली. पलीकडच्या बांधावर पैलवानाने इंजिन बंद केलं.

 मागे हौदात चाकांच्या खाचा हळूहळू भरत होत्या.

"तेव्हा पण असंच होतं?" पैलवानाने विचारलं.

"हो."

"तुला तेव्हा माहीत होतं?"

"आदल्या दिवशी कळलं होतं. मॅडमनी सांगितलं."

"नळावर आलो त्याच्या आधी?"

"आधी."

पैलवानाने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. "मी सहा महिने घरी सांगतोय की माझाच पाय जड. ती म्हणते, तुमचं सगळंच जड." तो थांबला. "का रे?"

साबण्याला पुष्कळ सांगता आलं असतं. बादली, मुलगी, सहा वर्षं. सगळं पैलवानाला माहीत होतं.

"मला तो वास नको होता," तो म्हणाला.

"मग? मला हवा होता?"

 पैलवानाने गाडी पुन्हा चालू केली, वळवली आणि हौदात घातली. पाय दाबून. बाहेर आला, वळला, पुन्हा घातली. पाच वेळा. साबण्या शेजारी दाराची कडी धरून बसून राहिला. पाचव्या वेळी पैलवानाने मध्यावरच गाडी उभी करून इंजिन बंद केलं, पुन्हा चालू केलं आणि उभ्या गाडीला गाळातून उपटून काढली. हे मॅडमनी कुणालाच शिकवलं नव्हतं.

फॉर्मवर साबण्याने पास लिहिलं. साहेबांनी वाचलं. "चांगलं झालं. म्हणजे हे रजेपुरते. बाकी तुम्ही आहातच."

पैलवान भिंतीकडे बघत होता.

"साहेब," साबण्या म्हणाला, "आठवड्याला बदलून दिलंत तर? एक आठवडा मी टँकरवर, एक हे."

साहेबांनी पहिल्यांदा कागदावरून नजर उचलली. "तुम्हीच मागताय?"

"हो."

"मला काय. दोन्ही गाड्या निघाल्याशी कारण."

बाहेर आल्यावर पैलवानाने टँकरची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. तो आभार मानणार नव्हता आणि साबण्याला ते नकोही होते.

"घरी बोलू नकोस यातलं," पैलवान म्हणाला. "त्या दोघींचं बरं चाललंय." मग दोन पावलं जाऊन वळला. "आणि हा टँकर तुझ्या वेळचा नाही. पंप बंद केल्यावर लगेच पाइप काढू नको. आत दाब राहतो. वीस मोज, मग काढ. नाहीतर सगळं तोंडावर येतं."

सोमवारी पहिलीच टाकी एका दुमजली घरामागे होती. कपडे वाळत घातलेले, खिडकीत एक बाई नाकाला पदर लावून उभी. साबण्याने टाकी उपसली. टाकीतलं सगळं तसंच होतं, अठ्ठावीस वर्षांत त्यात काही सुधारणा झाली नव्हती. त्याने पंप बंद केला आणि पाइपच्या जोडापाशी वाकून मोजायला लागला. तोंड जोडापासून हातभर अंतरावर.

वीस झाले. त्याने हात घातला नाही. पैलवानाने वीस का सांगितले असतील? चाळीस लागत असतील तर? सांगताना तो वळून उभा होता, चेहरा नीट दिसला नव्हता. साबण्या तसाच वाकून राहिला. तीस. चाळीस. घामाचा थेंब नाकावरून ओघळला, पुसायला हात स्वच्छ नव्हता.

"अहो, झालं की नाही?" खिडकीतून बाई म्हणाली. "किती वेळ ते उघडं?"

साठ झाले तेव्हा त्याने डोळे घट्ट मिटले, ओठ आत ओढले, मान वळवली आणि जोड सोडवला.

एक थेंबही उडाला नाही. वीसच पुरले असते.